बाळाचे रडणे आणि आईवरचा निवाडा

ज्या घरात नुकतेच बाळ जन्मले आहे, तेथे पहिल्या पंधरवड्यात एक वाक्य बहुधा कोणी ना कोणी बोलतेच : ‘तुझे दूध त्याला पुरत नाही.’ बाळ तासाभरापूर्वी प्यायले आणि पुन्हा रडू लागले, एवढाच त्याचा पुरावा. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरीही हा एक निवाडा आहे, आणि ज्याचे ज्ञान नाही त्या गोष्टीच्या मागे लागण्यास सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीने मनाई केली आहे. तेव्हा या बाबतीत ज्ञान काय सांगते, ते आधी पाहू.

जन्मतः बाळाचे जठर अगदी लहान असते. पहिल्या दोन-तीन दिवसांतले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध एका वेळी चमचाभरच येते आणि तेवढेच त्याला हवे असते. भरपूर दूध उतरायला साधारण तिसरा-चौथा दिवस उजाडतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास थोडा उशीरही होतो. या काळात बाळाचे वजन किंचित घटते आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येते. पहिल्या आठवड्यांत बाळाने चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणे हे नेहमीचेच. तेही घड्याळाच्या काट्यावर नव्हे. संध्याकाळी कित्येक बाळे दोन-तीन तास थोडे थोडे, पुन्हा पुन्हा मागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुढे सहाव्याच्या सुमारास एखाद-दोन दिवस त्यांची भूक एकाएकी वाढते. आईचे दूध विहिरीच्या झऱ्यासारखे आहे. उपसा होईल तसे ते येते. वारंवार पिऊन बाळ उद्याच्या दुधाची मागणी नोंदवत असते. नेमक्या या वेळी बाटली दिली की उपसा कमी होतो, दूध खरोखर आटू लागते, आणि आधी निराधार असलेले ते वाक्य खरे होऊन बसते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून कळत नाही. लंगोटावरून आणि वजनकाट्यावरून कळते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे. मात्र बाळ मलूल असेल, पिण्यासाठी उठतच नसेल, लघवी कमी होत असेल किंवा अंग पिवळे दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तेथे थांबणे हा सब्र नव्हे, हलगर्जीपणा आहे.

आता हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग पाहा. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता आणि उमर (रजि.) हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासह रात्री पहारा देत होते. एक बाळ सारखे रडत होते. उमर (रजि.) आईला समजावून आले, रडणे थांबेना. शेवटी त्यांनी तिला, तू चांगली आई दिसत नाहीस, अशा अर्थाचे सुनावले. आपल्यासमोर खलीफा उभे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली की, उमर दूध सुटलेल्या मुलांनाच तनखा देतात, म्हणून मी याचे दूध लवकर तोडत आहे. इतिहासकार इब्ने साद यांच्या नोंदीनुसार, त्या पहाटे फज्रच्या नमाजात उमर (रजि.) इतके रडले की लोकांना त्यांचे पठण नीट ऐकू येईना. नंतर त्यांनी फर्मान काढले की यापुढे तनखा जन्मापासूनच मिळेल. आईला दोष देऊन ते मोकळे झाले नाहीत. बाळाच्या रडण्यामागे स्वतःचाच नियम आहे हे कळताच त्यांनी तो नियम बदलला.

आपल्या घरातले नियम कोणते? सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत, मुदत पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी स्तनपानाची दोन वर्षे सांगितली आहेत. ही आयत आपण वारंवार ऐकतो आणि बहुधा तेथेच थांबतो. तीच आयत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर आणि त्याच्या पश्चात वारसावर टाकते. मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये, तसाच पित्यालाही, असे बजावते. दूध सोडवायचे तर दोघांच्या संमतीने आणि विचारविनिमयाने, असे सांगते. दुसरीकडून दूध पाजण्याची व्यवस्था करण्यासही ती मुभा देते. म्हणून जिला आजारामुळे पाजणे शक्यच नाही, किंवा जिच्या बाळाला डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले आहे, तिला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

निगडीत या आयतीचा अर्थ फार रोकडा होतो. ओटास्कीम किंवा यमुनानगरच्या दोन खोल्यांत पती चाकणहून रात्रपाळी करून सकाळी परततो. त्याला झोप हवी, बाळंतिणीलाही हवी, आणि रात्री तर बाळ सोडत नाही. त्यात सातव्या दिवशी अकीका, म्हणजे पाहुणे. बाळाच्या पिण्याच्या ऐन वेळी आईने ओट्यापाशी उभे राहावे, ही अपेक्षा सुन्नतीत कोठेही नाही. देग बाहेरून मागवता येते. लंगोट धुणे, पिऊन झालेल्या बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, आईसमोर गरम ताट ठेवणे, यांतले एकही काम पुरुषाला न जमणारे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः घरकामात हात देत, हे हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक वेळी घरी येतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नये, वजन करून घ्यावे.

आणि तळवड्यात, भोसरीत वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या बांधवांसाठी दोन शब्द. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा त्यासाठी सुटी देण्याची तरतूद तर त्याआधीपासूनच होती. तुमच्या लहानशा वर्कशॉपला हा कायदा लागू नसेलही. पण तुमच्याकडे पॅकिंगला बसणारी बाई बाळ तीन महिन्यांचे असतानाच परतली असेल, तर ती का परतली हे तिला विचारा, आणि आतून कडी लावता येईल अशी एक जागा तिच्यासाठी मोकळी करून द्या.