वार्धक्य आणि वारी

ज्येष्ठ महिना लागला, कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एक वाद दरसाल होतो. घरांतील वडील म्हणतात, "यंदा आळंदीपासून पायीं जाणार", मुलें म्हणतात, "बाबा, आतां तें वय राहिलें नाहीं, एस्‌टीनें जाऊन दर्शन करून या." वडिलांस वाटतें, हीं आपल्याला घरांत कोंडूं पाहतात, मुलांस वाटतें, हे आपल्या हट्टापायीं आमच्या जिवाला घोर लावणार. दोन्ही पक्ष प्रेमानेंच बोलत असतात, तरी कोणाचेंच समाधान होत नाहीं. हा वाद केवळ डॉक्टरच्या तपासणीनें मिटण्यासारखा नाहीं. कारण त्याच्या मुळाशीं नीतीचा एक प्रश्न आहे. आपल्या देहावर आपली सत्ता किती, आणि ज्यांच्या आधारानें तो देह मार्ग क्रमणार त्यांचा त्यावर अधिकार किती, हा तो प्रश्न होय.

प्रथम मार्गाचा विचार करूं. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरास पोंचते. अंतर सुमारें २५० किलोमीटर. बहुतेक मजला वीसेक किलोमीटरांच्या किंवा त्याहून लहान आहेत. परंतु पुणें ते सासवड ही मजल तिसांच्या घरांत जाते आणि तींतच दिवेघाटाची चढण आहे. म्हणजे सर्वांत कठीण दिवस अगदीं आरंभींच येतो. घाटापर्यंत ऊन, पुढें पाऊस, रात्रीं तंबूंतील ओल, पहांटे लवकर उठणें आणि सभोंवार लाखोंची गर्दी, असा हा क्रम आहे. सत्तरीच्या माणसास एक दिवस वीस किलोमीटर चालणें कदाचित् जमेल. त्याच पायांनीं दुसऱ्या दिवशीं व तिसऱ्या दिवशीं पुन्हां उठून चालणें ही निराळी गोष्ट आहे.

म्हणून आम्ही म्हणतों, कीं ज्यास आषाढांत चालावयाचें आहे त्यानें फाल्गुनांतच पाऊल उचलावें. आरंभीं तीन-चार किलोमीटर, मग हळूहळू वाढवीत दहा-बारा. आणि शेवटल्या महिन्यांत लागोपाठ तीन दिवस मोठी चाल करून पाहावी. पायांतील जोडे याच काळांत मळवून घ्यावे. कोऱ्या जोड्यानें निघालेला वारकरी पुण्यासच फोड घेऊन बसतो. संध्याकाळीं पाय सुजतात, तेव्हां जोडा किंचित् सैलच असावा. उतरतांना गुडघ्यांवर चढण्यापेक्षां अधिक भार येतो, म्हणून काठी अवश्य बाळगावी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातांत धरावी. वाढत्या वयांत तहानेची जाणीव मंदावते. यास्तव तहान लागण्याची वाट न पाहतां घोट-घोट पाणी पीत जावें. वृद्ध स्त्रिया वाटेंत आडोसा मिळत नाहीं म्हणून पाणीच पीत नाहींत. हा संकोच उन्हांत जिवावर बेततो, आणि दिंडी निवडतांना त्या सोयीची विचारपूस आधीं करावी, यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. ज्यांस मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. जखम झालेली कळत नाहीं. त्यांनीं रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत तळवे पाहावे. रक्तदाबाचीं औषधें, विशेषतः लघवी वाढविणारीं, उन्हाच्या प्रवासांत कशीं घ्यावीं हें निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. छातींत दुखूं लागलें किंवा भोंवळ आली तर दिंडी पुढें जाईल या भीतीनें चालत राहूं नये. खिशांत नांव, गांव, दिंडीचा क्रमांक, औषधें आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी.

यावर कोणी म्हणेल, कीं एवढा हिशेब करावयाचा तर मग श्रद्धा कोठें राहिली? ज्यानें बोलावलें तो नेईल. हें बोलणें ऐकावयास गोड आहे. पण त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. देव नेईल म्हणून जो तयारी न करतां निघतो, त्यास वाटेंत प्रत्यक्ष नेतो तो दिंडींतील एखादा तरुण शेतकरी. त्यानें वर्षाच्या कष्टांतून हे पंधरा-सतरा दिवस काढलेले असतात, आणि ते दुसऱ्याचें ओझें वाहण्यांत जातात. वाटेंत देह पडला तर सोनें झालें, असें मानणारेही आहेत. मरणाचें भय जिंकणें थोर आहे यांत संशय नाहीं. पण त्या देहाचें पुढें काय करावयाचें हा भार मागें राहणाऱ्यांवर पडतो. तेव्हां पूर्वतयारी ही श्रद्धेची उणीव नसून सोबत्यांविषयींचें कर्तव्य आहे, असें आमचें मत आहे.

याहून अवघड प्रश्न पुढें येतो. चालतां चालतां एखाद्या मजलेस पाय थकले आणि सामानाच्या ट्रकांत बसावें लागलें, तर वारी मोडली काय? पुष्कळ वृद्धांस तसें वाटतें, आणि ते रडतात. आम्हांस येथें २०२० व २०२१ या दोन सालांचें स्मरण करून द्यावेंसें वाटतें. करोनाच्या साथीमुळें त्या वर्षीं पायीं सोहळा झाला नाहीं; माउलींच्या पादुका एस्‌टीच्या गाडींतून पंढरपुराकडे नेण्यांत आल्या. पादुका गाडींत बसल्या म्हणून वारी खंडित झाली, असें आम्ही मानीत नाहीं. जें पादुकांस लांछन नाहीं तें सत्तर वर्षांच्या गुडघ्यांस कां असावें?

वस्तुतः येथें दुखावतो तो नेम नव्हे, अभिमान होय. आयुष्यभर ज्यानें दुसऱ्यांचे भार उचलले, त्यास स्वतः भार होणें असह्य वाटतें. परंतु वारींत तर प्रत्येकजण प्रत्येकास "माउली" म्हणून हाक मारतो आणि लहानथोर न पाहतां एकमेकांच्या पायां पडतो. दिवसभर ज्यास माउली म्हटलें, त्याच्या हातीं आपली पिशवी देण्यास संध्याकाळीं लाजावें, हें त्या हाकेस शोभत नाहीं. तरुणाची वारी चालण्यानें होते. वृद्धाच्या वारींत चालण्याच्या जोडीला मदत घेण्याचीही साधना असते, आणि ही दुसरी साधना पहिलीपेक्षां कठीण आहे.

आतां मुलांच्या पक्षाविषयीं. त्यांची काळजी खरी. पण काळजीच्या नांवाखालीं मनाई करण्याचा अधिकार त्यांस आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याची बुद्धि शाबूत आहे त्यानें उरलेलीं वर्षें कशांत खर्चावीं हें त्यानेंच ठरवावें. माणसास केवळ जिवंत ठेवणें म्हणजे त्याचा सांभाळ करणें नव्हे. पुंडलिकाची कथा सर्वांस ठाऊक आहे: आईबापांची सेवा चालू असतां दारीं आलेल्या देवास त्यानें विटेवर थांबविलें. त्या कथेंत मुलाचा धर्म सेवा हा सांगितला आहे. आईबापांवर सत्ता चालविण्याचा अधिकार तींत कोठेंही दिलेला नाहीं. तेव्हां "जाऊं नका" म्हणण्यापेक्षां फाल्गुनांत वडिलांबरोबर पहांटे चालावयास जाणें, दिंडीप्रमुखास स्वतः भेटणें, आणि दिवेघाटाच्या दिवशीं सोबत राहणें, हें अधिक उचित होय. वडिलांनींही आपल्या बाजूनें शब्द द्यावा, कीं जो दिवस झेपणार नाहीं असें दिसेल त्या दिवशीं गाडींत बसेन. अशा कराराशिवाय या वादास दुसरा प्रामाणिक शेवट आम्हांस दिसत नाहीं.

ज्यांस सबंध वाट शक्य नाहीं त्यांनीं वाखरीपासूनची शेवटची थोडकी मजल चालावी, किंवा थंड हवेंतील कार्तिकीस जावें. आणि ज्यांस तेंही शक्य नाहीं, त्यांनीं अरणच्या सावता माळ्याची परंपरा आठवावी. तो मळा सोडून पंढरीस गेला नाहीं, असें सांगतात. तरी संतमालिकेंत त्याचें स्थान कोणी कमी लेखलें नाहीं. आपल्याकडून किती होईल हें खोटें न बोलतां स्वतःशीं ठरविणें आणि तेवढें आनंदानें करणें, एवढेंच वार्धक्याकडे मागण्याजोगें आहे. तें ज्यास साधलें तो आळंदीहून निघो कीं वाखरीहून, त्याची वारी पुरी झाली असेंच आम्ही समजूं.