ओले पंजे

नागपुरात जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज १९५८ पासून आहे, तेव्हा ही गोष्ट कुठली याचा अंदाज वाचक बांधतीलच. न बांधलेला बरा. एक ताई संशोधन करत होती आणि तिचे ससे एक काका सांभाळत होते, एवढं पुरे.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात म्हशीचे दोन वैरी. एक घटसर्पाचा जंतू, पाश्चुरेला. म्हणून तर पावसाळ्याआधी लस टोचतात. दुसरा यकृतातला चपटा कृमी. बांध्यांतल्या गोगलगाईच्या अंगात वाढतो आणि गवतावाटे पोटात जातो. दोघांचे अंश एकाच सुईतून टोचले, तर शरीर दोघांनाही ओळखून ठेवेल, की एकाच्या गलक्यात दुसरा ऐकूच येणार नाही? म्हशीआधी सशाला विचारायचं ठरलं. काहींना नुसता मारलेला जंतू, काहींना कृमीचा अर्क, काहींना दोन्ही, आणि काहींना फक्त मिठाचं पाणी.

त्या दिवशी डिसेंबरचा गारठा होता. टोचण्याआधी प्रत्येकाच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन ठेवायचं असतं. थंडीनं शिरा आक्रसलेल्या. कान चोळून चोळून बाकीच्यांचं निघालं, सातव्याचं निघेना.

"ताई, हा सातवाला कालपासून शिंकून राहिला," काका म्हणाले. "पुढचे पंजे पाहा ना. नाक पुसून पुसून ओले झाले."

"थंडी आहे काका, असू द्या." तिनं सुई टोचली.

तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा झाली. मग रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत तपासणी. जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांत सातवा सगळ्यांच्या वर! एकट्याच्या जोरावर त्यानं 'दोन्ही' गटाची सरासरी उचलून धरली होती. ताईनं आलेख काढला. सरांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "सातव्याचं टोचण्याआधीचं?"

"आणते, सर."

फ्रीजमध्ये सहाव्याच्या पहिल्या रक्ताच्या दोन कुप्या होत्या. लेबलावरची शाई बोटानं पुसली जाईल अशी. दार उघडं धरून ती बराच वेळ उभी राहिली.

मग दार लावलं आणि सशांच्या खोलीकडे गेली. काकांची चाऱ्याची वही खिळ्याला टांगलेली असे. लसूणघास किती, दाणा किती, आणि त्या तारखेला वाकड्या अक्षरात: "७ नं. शिंका. पंजे ओले. दाणा अर्धा सोडला."

"माह्या वहीचं तिकडं काय काम?" काका गोंधळले. ती वही घेऊन सरांकडे गेली.

सरांनी दोनदा वाचलं. घटसर्पाच्या जंतूचेच भाऊबंद सशाच्या नाकात मुक्कामाला असतात, हे त्यांनी वर्गात अनेकदा सांगितलेलं. सातव्याला त्या जंतूची ओळख सुईनं करून दिली, की नाकानं आधीच करून घेतली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सातवा आलेखातून गेला. उंच गेलेली रेघ खाली आली आणि नुसत्या जंतूच्या रेघेला जवळजवळ चिकटून बसली.

"एकत्र देऊनही कमी झालं नाही," सर म्हणाले. "हे थोडं आहे का?"

ताईला तेव्हा ते थोडंच वाटलं.

पुढच्या खेपेचे ससे आले तेव्हा उन्हाळा लागला होता, शिरा फुगून वर आलेल्या. सुया भरून ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. ताईनं पहिला ससा उचलला, मांडीवर उताणा धरला आणि त्याचे पुढचे पंजे उलटे करून पाहिले.

"कोरडे," ती म्हणाली. काकांनी वहीत लिहून घेतलं.