युक्त म्हणजे किती?

अतिभोजन आणि निराहार या दोन्ही टोकांना योग साधत नाही असे सांगून गीतेचा सहावा अध्याय ‘युक्त’ आहारविहाराचा पुरस्कार करतो. मात्र युक्त म्हणजे किती, हे तिथे आकड्यात सांगितलेले नाही. ‘युज्’, म्हणजे जोडणे, या धातूपासून हा शब्द झालेला असल्यामुळे त्यात दोन टोकांमधील निम्मे अंतर नव्हे, तर ज्याचे त्याच्याशी नेमके जुळणे अभिप्रेत आहे. ॲरिस्टॉटलनेही वस्तूचे गणिती मध्य आणि कर्त्याच्या दृष्टीने योग्य असे मध्य यांत भेद केला होता.

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात किंवा वेल्ह्याच्या पाबे घाटात मोटारीच्या टायरमधील हवा हाच प्रश्न उभा करते. कंपनीने नेमून दिलेला, समजा 32 पौंडांचा, दाब थंड टायरसाठी असतो. वळणे घेताघेता टायर 10 अंश सेल्सिअसने तापला, की हा दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. हवा फार कमी असेल तर टायरची बाजू दुमडून गाडी उशिरा वळते, फार जास्त असेल तर मुख्यतः मधला पट्टाच रस्त्याला टेकून पकड घटते. पावसात हवा कमी केली की पकड वाढते, हा समज तर घातक आहे, कारण मऊ टायर पाणी नीट बाजूला सारू शकत नाही आणि त्यावर तरंगू लागतो.

ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून आखलेल्या वळणांवरून एकेका गाडीने वेळ लावून धावण्याची स्पर्धा, यात चालक टायरच्या कडेवर खडूच्या रेघा ओढतात. फेरीनंतर खडू बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला असेल तर हवा वाढवायची, कडेपर्यंतही पुसला नसेल तर घटवायची. शिवाय पुढची चाके बाहेर सरकतात की मागची, यावरून दोहोंचा दाब निरनिराळा ठरतो, म्हणजे एकाच गाडीतही युक्त एकच नसते.

वरंध्याच्या पायथ्याशी असलेल्या शिवथरघळीत रचला गेल्याचे परंपरा सांगते, तो दासबोध प्रचीतीला, म्हणजे स्वानुभवाला, वारंवार अग्रस्थान देतो. प्रचीतीने सारेच आवडीनिवडीवर सोपवले जाते, हा आक्षेप मात्र टिकत नाही, कारण खडू चालकाच्या इच्छेनुसार पुसला जात नाही. घाटरस्त्यावर, जिथे समोरून एसटी येते आणि चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तिथे अशी परीक्षा घेण्याचा अधिकारच कोणाला नाही; तिथे कंपनीचा आकडा शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय वचन, म्हणून स्वीकारावा लागतो, आणि तो आकडाही कोणीतरी चाचणीच्या मैदानावर घेतलेल्या प्रचीतीतूनच आलेला असतो.