न मागितलेली माफी

'द डॅम्ड युनायटेड' हा सिनेमा कसा वाटला, असं इंग्लंडमधल्या डर्बीत कुणाला विचारायचं असेल तर तासभर हाताशी ठेवून विचारावं. २००९ साली तो आला. त्याला बरीच वर्षं लोटली, तरी इथल्या पबमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकड्यावर त्याच्यावरून अजून हमरीतुमरी होते. मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवरची मॅच सुटल्यावर पेठापेठांत काय वातावरण असतं ते शाळकरी वयापासून पाहिलेलं. त्यामुळे फुटबॉलपायी माणसं इतकी का पेटतात, हे मला इथे येऊन शिकावं लागलं नाही. सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून या गावात आलो, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथलाच होऊन राहिलो.

सिनेमा ब्रायन क्लफ या फुटबॉल मॅनेजरवर आहे. डर्बी काउंटीसारख्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खितपत पडलेल्या क्लबला त्यानं आणि त्याचा जोडीदार पीटर टेलर यानं १९७२ साली इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी संचालकांशी वाजलं आणि दोघं राजीनामा देऊन बाहेर पडले. १९७४ च्या उन्हाळ्यात क्लफ एकटाच लीड्स युनायटेडचा मॅनेजर झाला. ज्या लीड्सला त्यानं वर्षानुवर्षं जाहीरपणे धसमुसळी, लबाड टीम म्हणून झोडपलं होतं, तीच ही टीम. चव्वेचाळीस दिवसांत त्याला काढून टाकलं. डेव्हिड पीस यांची त्यावर कादंबरी होती, तिच्यावरून टॉम हूपर यांनी सिनेमा केला आणि मायकेल शीन हा नट क्लफ झाला.

मतं गावागणिक बदलतात. लीड्सवाल्यांचा राग असा की डॉन रेव्हीला, म्हणजे त्यांच्या जुन्या आणि देवासारख्या मॅनेजरला, आढ्यतेखोर खलनायक केलंय. सिनेमात १९६८ च्या कप मॅचला रेव्ही डर्बीच्या बेसबॉल ग्राउंडवर येतो, क्लफशी हात न मिळवता निघून जातो आणि तिथून वैराला सुरुवात होते. प्रत्यक्षात ती मॅच लीड्सच्या मैदानावर झाली होती. ज्या उंबरठ्यावर अपमान झाला म्हणतात, त्या उंबरठ्यावर त्या दिवशी पाहुणा आलाच नव्हता. नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा क्लफचा पुढचा क्लब, तिथले लोक म्हणतात, आमचे दोन युरोपियन कप शेवटच्या पाटीवर उरकले. डर्बीवाले सिनेमातल्या चिखलावर, पावसावर, जुन्या स्टँडवर जीव टाकतात, पण डेव्ह मकायचा विषय निघाला की गप्प होतात. मकाय डर्बी सोडून गेला होता त्या काळातही सिनेमानं त्याला डर्बीच्या खेळाडूंत उभं केलं. तो कोर्टात गेला आणि २०१० साली निर्मात्यांना त्याची माफी मागावी लागली. मकाय हयात होता म्हणून हे झालं. रेव्ही १९८९ मध्ये, टेलर १९९० मध्ये, क्लफ २००४ मध्ये गेला. मेलेल्या माणसाला वकील लावता येत नाही.

हे सगळे वाद रास्त आहेत. पण त्यातल्या एकानंही माझी झोप उडत नाही. माझी झोप उडते ती शेवटच्या प्रसंगानं, आणि गंमत म्हणजे, इथल्या बहुतेकांना तोच प्रसंग सगळ्यात आवडतो.

लीड्सनं हाकललेला क्लफ गाडी घेऊन ब्रायटनला टेलरच्या घरी जातो. टेलर लीड्सला त्याच्याबरोबर गेलेला नसतो. दोघांचं भांडण होऊन वाटा वेगळ्या झालेल्या असतात. टिमोथी स्पॉलनं टेलर असा केलाय की हा माणूस दुखावलाय हे त्याच्या नुसत्या खांद्यांवरून कळतं. तो क्लफला सहजासहजी आत घेत नाही. गुडघ्यांवर बसायला लावतो. तुझ्याशिवाय मी कुणी नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतो. क्लफ, ज्याच्या जिभेला आयुष्यात कुणी लगाम घातला नाही तो क्लफ, घरासमोरच्या वाटेवर गुडघे टेकतो आणि जे म्हणायला सांगितलं ते म्हणतो. मग मिठी. मग पडद्यावर पाट्या: दोघं पुन्हा एकत्र आले, युरोप जिंकला. थिएटरात माझ्या शेजारी माझा शेजारीच बसला होता, रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर फिटर असलेला. तो डोळे पुसत होता.

आता खरं काय झालं ते. दोघं खरोखर पुन्हा एकत्र आले, पण लगेच नाही. १९७६ मध्ये टेलर नॉटिंगहॅम फॉरेस्टला क्लफकडे आला. १९७८ ला इंग्लंडचं विजेतेपद, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. इथवर पाट्या खोटं बोलत नाहीत. फक्त इथे थांबतात. १९८० मध्ये टेलरनं क्लफला न सांगता दोघांच्या सहवासावर पुस्तक काढलं आणि ते क्लफला लागलं. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला आणि काही महिन्यांत डर्बीचा मॅनेजर म्हणून परत उभा राहिला. १९८३ मध्ये क्लफ एका धर्मादाय पदयात्रेवर डोंगरात असताना टेलरनं फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन डर्बीकडे ओढला. हाच तो रॉबर्टसन, ज्याच्या पायांवर ते युरोपियन कप आले होते. क्लफला हे आधी कुणी सांगितलं नाही. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. डर्बी आणि नॉटिंगहॅम यांच्यामध्ये ए-५२ नावाचा रस्ता आहे. दोघांची जा-ये त्याच रस्त्यानं. क्लफनं वर्तमानपत्रात जाहीर सांगितलं की त्या रस्त्यावर टेलरची गाडी बंद पडून तो हात दाखवत उभा दिसला, तर मी त्याला गाडीत घेणार नाही, अंगावर घालीन.

सात वर्षं अशी गेली. १९९० च्या ऑक्टोबरात टेलर मायोर्काला सुट्टीवर असताना अचानक वारला, वय ६२. क्लफ अंत्यविधीला गेला. चार वर्षांनी त्याचं आत्मचरित्र आलं, ते त्यानं टेलरला अर्पण केलं. तू फार आठवतोस आणि तू गेल्यावर आयुष्यातलं हसू कमी होईल हे तुझं म्हणणं खरं ठरलं, अशा आशयाचं त्यात लिहिलं. २००५ मध्ये त्या ए-५२ रस्त्याच्या या दोन गावांमधल्या पट्ट्याला क्लफचंच नाव देण्यात आलं. मी त्यावरून जातो तेव्हा पाटीकडे पाहायचं टाळू शकत नाही.

माझा शेजारी मेथॉडिस्ट चर्चचा. त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही, कारण ते मनापासूनचं आहे. तो म्हणतो, "डॉक्टर, त्या दोघांना जे जमलं नाही ते कुणीतरी त्यांच्यासाठी करायलाच हवं होतं ना? गुडघे शेवटी टेकले गेले. चुकीच्या वर्षी का होईना." त्याच्या श्रद्धेप्रमाणे वर कुठेतरी दोघं भेटले असणार, आणि सिनेमानं ती भेट आम्हाला थोडी आधी दाखवली इतकंच. अशा माणसाला तारखा दाखवून काय मिळणार? तो तारखांबद्दल बोलतच नाहीये. तो विचारतोय, माफी दुसऱ्याच्या वतीनं मागता येते का?

आपल्याकडे दुसऱ्याच्या वतीनं बरंच काही करता येतं. बापाचं कर्ज मुलगा फेडतो. मेलेल्याचे नवस मागचे पुरे करतात, पिंड देतात, तीर्थाला जाऊन त्याच्या नावानं बुडी मारतात. टेलरच्या मुलीनं वडिलांवर पुस्तक लिहिलं, कारण क्लफच्या उजेडात तिच्या वडिलांचं नाव झाकोळलं होतं. तेही ऋण फेडणंच. २०१० मध्ये डर्बीच्या नव्या मैदानाबाहेर दोघांचा एकत्र पुतळा उभा राहिला, हाती विजेतेपदाचा करंडक. तो मला खोटा वाटत नाही, कारण १९७२ मध्ये ते तसेच होते, खांद्याला खांदा लावून. ऋण वारसाकडे जातं. पण माफी? माफी मागणाऱ्याची मान खाली जाते, आणि तोच तर तिचा सगळा ऐवज. माझी मान दुसरा कुणी खाली घालू शकत नाही. घातली तर ती त्याची मान झाली.

युद्ध संपल्यावर गंगेकाठी पांडव मेलेल्यांना तिलांजली देत होते. तेव्हा कुंतीनं सांगितलं की कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. ज्याच्या भीतीनं धर्मराजाला वर्षानुवर्षं झोप नव्हती, ज्याच्या मरणाची त्यानं वाट पाहिली, त्याच्या नावानं त्यानं ओंजळ सोडली. मला या कथेत एक गोष्ट फार मोठी वाटते. व्यासांनी तिथे कर्णाला परत आणून धर्मराजाला मिठी मारायला लावली नाही. महाभारतात मेलेली माणसं दिसणं अशक्य नाही. पुढे एका रात्रीपुरते सगळे मृत योद्धे गंगेतून वर येऊन आपल्या माणसांना भेटतातही. पण पहिली ओंजळ रिकाम्या पाण्यात सोडावी लागली. धर्मराजाला आधी कळावं लागलं की ऐकणारा नाही. ते दुःख त्याला इतकं लागलं की राज्य नको म्हणून बसला. भीष्मापर्यंतचा सगळा शांतिपर्वाचा उपदेश त्या एका न मिटलेल्या गोष्टीच्या पोटातून येतो. व्यासांनी ती लगेच मिटवून टाकली असती तर धर्मराजाला विचारायला काही उरलंच नसतं.

रावण पडल्यावर रामानं बिभीषणाला भावाचे संस्कार करायला सांगितलं, मरणाबरोबर वैर संपलं म्हणून. ते वैरापुरतं खरं आहे. रेव्हीच्या बाबतीत क्लफला ते लागू पडलं असेल. पण टेलर वैरी नव्हता. दुरावलेल्या मित्राचं मरण काही संपवत नाही, उलट तिथून हिशेब सुरू होतो.

हे मी पुस्तकातून म्हणत नाही. वॉर्डात मी ते पुष्कळ पाहिलंय. आई किंवा बाप गेल्यावर, पडदा ओढून घेतल्यावर, कुणीतरी उशिरा पोचतो. कोट तसाच, केस पावसानं ओले. नर्स खुर्ची देते, तो बसत नाही. एक गृहस्थ मला आठवतात, पन्नाशीतले, बापाशी कित्येक वर्षं बोलणं बंद होतं हे सिस्टरनं मला आधीच सांगितलं होतं. ते पलंगाशी उभे राहिले आणि बापाच्या पायजम्याचं वरचं बटण, जे तपासताना आम्हीच उघडं ठेवलं होतं, ते लावू लागले. बोटं थरथरत होती, बटण काजात जाईना. मी मदतीला पुढे झालो तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बराच वेळ लागला. शेवटी लागलं ते बटण. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि माफी मागितली असंही मी म्हणणार नाही. मागायला समोर कुणी नव्हतं. पण ते जे करत होते ते त्यांनाच करायचं होतं. मी लावलं असतं तर ते फक्त एक बटण झालं असतं.

सिनेमानं पुढे होऊन क्लफचं बटण लावलं, ही माझी तक्रार आहे. प्रेमानं लावलं, मला मान्य. पण त्यामुळे १९८३ ते १९९० ही सात वर्षं त्याच्या आयुष्यातून गळून पडली, आणि तीच वर्षं त्याच्या उत्तरार्धातलं सगळ्यात जड ओझं होती. ज्यानं सिनेमा पाहून क्लफ ओळखला, त्याला वाटणार की या माणसानं गुडघे टेकले, त्याला माफी मिळाली, विषय संपला. रेव्हीला नसलेलं पाप चिकटवलं, याचा लीड्सवाल्यांना राग येतो. क्लफचं असलेलं ओझं उतरवून घेतलं, याचा राग डर्बीवाल्यांना का येऊ नये? दोन्हीकडे मेलेल्या माणसाचं त्याच्याकडून काढून घेतलंय. एकाचं नाव, दुसऱ्याचा पश्चात्ताप. आणि पश्चात्ताप ही माणसाची कमाई असते. क्लफनं ती चार वर्षं मनात धरून १९९४ मध्ये स्वतःच्या हातानं छापली, आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, जिथे सगळ्या इंग्लंडला दिसेल. त्याच्यासारख्या माणसाला ते गुडघे टेकण्यापेक्षा सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. त्यात मिठी नव्हती, उत्तर नव्हतं, ज्याला लिहिलं तो वाचणार नव्हता. कथाकाराला इतका खरा प्रसंग आयता मिळालेला असताना दुसरा रचायची गरज काय होती?

शेजाऱ्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्या सात वर्षांचा सिनेमा काढला तर बघणार कोण, दोन म्हातारे रोज एकाच रस्त्यानं गाड्या हाकताहेत आणि एकमेकांकडे बघत नाहीत. मी म्हटलं, मी बघीन, आणि तुम्हीही बघाल, कारण तुम्ही क्लफसाठी रडलात ते त्याला माफी मिळाली म्हणून नाही, ती त्याला हवी होती म्हणून. तो यावर काही कबूल झाला नाही. त्याच्या मते मी देवाच्या दयेला फार कमी जागा ठेवतो. असेल. देवानं दोघांना कधीच जवळ घेतलं असेल, त्याला माझी हरकत नाही. माझं भांडण टॉम हूपर यांच्याशी आहे.