नोंद आणि नजर

गेल्या चैत्रात भाचीला घेऊन मी आमच्या घाटाखालच्या एका उपकेंद्रात गेलो होतो. तिला सातवा महिना होता. सिस्टर ओळखीच्या, त्यांची दोन्ही मुले माझ्या वर्गातून शिकून गेलेली. समोर भले थोरले रजिस्टर, हातात टॅब.

"पाय सुजतात का ग?" त्यांनी मान वर न करताच विचारले.

भाची लाजाळू. "नाही," म्हणाली. 'नाही'ची नोंद झाली. निघताना मात्र सिस्टरांची नजर तिच्या पायांत रुतलेल्या चपलेच्या पट्ट्यांवर गेली. त्यांनी तिला परत बसवले, रक्तदाब पुन्हा मोजला आणि लगोलग डॉक्टरांकडे पाठवले.

"चूक माझीच, गुरुजी," त्या मागाहून म्हणाल्या.

मला तसे वाटत नाही. जे दिवसा रजिस्टरात लिहायचे, तेच रात्री टॅबवर भरायचे. रेंज नसली तर गच्ची गाठायची. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा घरातल्या बाईला 'आता जात्यावरही दळ' असे कोणी म्हटले नाही. इथे मात्र गिरणी आली आणि जातेही राहिले!

यंत्राशी माझे वैर नाही. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात माणसाला 14 अंकी आभा क्रमांक मिळतो. आमच्याकडची कुटुंबे पोटासाठी परमुलखात जातात. पावसात भिजलेले लसीचे कार्ड तिथे काय सांगणार? त्यांची नोंद त्यांच्यामागे जात असेल, तर ती सोयच आहे.

प्रश्न आहे तो या सोयीची किंमत कोणी मोजायची हा. 2023 च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशाताईंनी संप केला, तेव्हा मानधनवाढीबरोबर ऑनलाइन कामाच्या सक्तीविषयीही त्यांची तक्रार होती. आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे झालो. परंतु नवे साधन हाती देणाऱ्याने जुने ओझे उतरवायला नको काय? कोणती वही बंद करायची, कोणती माहिती कोणी भरायची, त्यासाठी दिवसातला कोणता वेळ राखायचा, हे ठरवताना त्या सिस्टरांना कोणी विचारले होते का? ओझे लादणारा निराळा आणि चुकीचे पाप वाहणारी निराळी, याला न्याय म्हणता येणार नाही.

हे लिहिताना माझाही कान धरावा लागतो. हजेरी टिपण्याच्या घाईत किती मुलांचे उतरलेले चेहरे माझ्या नजरेतून सुटले असतील!

भाचीची मुलगी आता पाच महिन्यांची होईल. बारशाला सिस्टर आल्या होत्या. टॅब पिशवीत ठेवून त्यांनी बाळाला मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ त्या नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. त्या पाहण्यासाठी कोणत्याच रजिस्टरात रकाना नाही. वेळ तेवढा हवा.