इंचाला दहा आटे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींचं लेथचं दुकान होतं. लेथ जुनी, इंचाची. तिच्या लीड स्क्रूला इंचात चार आटे. मिस्त्रींचा हात इंच-सुतावरच बसलेला. हाताखाली आयटीआय झालेला पोरगा होता, तो एमएमशिवाय बोलायचा नाही. दोघांची रोजची हुज्जत.

ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात एक शेतकरी चरकाचा तुटलेला स्क्रू घेऊन आला. जाडी 20 एमएम, पिच अडीच.

"मिस्त्री, हा एमएमचा आहे," पोरगा म्हणाला.

"इंचाला दहा आटे पाड. चालतंय तेवढं."

इंचाला दहा म्हणजे आट्यामागं 2.54 एमएम. एका आट्याला 0.04 चा फरक, डोळ्याला दिसतही नाही. मिस्त्रींनी नट फिरवून पाहिला. जरा घट्ट, पण गेला. शेतकरी पैसे देऊन निघाला.

चरकाच्या चौकटीतले आटे मात्र दोन इंच खोल होते. एकेका आट्याचा फरक साठत गेला, विसाव्या आट्याला तो पाऊण एमएमच्या वर जातो. त्याच्या कितीतरी आधीच स्क्रू अडकला. पान्यानं जोर लावला तर आटेच गेले असते. तिकडे तोडलेला ऊस वाळत पडलेला; शिळ्या उसाचा गूळ नीट धरत नाही, हे काय शेतकऱ्याला सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी तो चौकटच टेम्पोत घालून आला. मिस्त्रींनी आट्यांना पिच गेज लावला आणि पोराकडं वळले.

"इंच बी खरा, एमएम बी खरा. मी मधी 'चालतंय' घातलं, तेवढं खोटं."

फळीवर लेथीबरोबरच आलेला 127 दात्यांचा गिअर धूळ खात पडला होता. पाच इंच म्हणजे बरोबर 127 एमएम. इंचाच्या लेथीवर एमएमचे आटे अचूक पडावेत म्हणूनच तो असतो. पोरानं स्पिंडलकडं 50 चा आणि लीड स्क्रूवर 127 चा गिअर चढवला.

"हाफ नट उघडू नको," मिस्त्रींनी बजावलं, "आटा चुकंल. लेथ उलटी फिरवूनच टूल मागं आण."

नवा स्क्रू चौकटीत हातानंच तळापर्यंत गेला. शेतकरी खिशात हात घालू लागला, तर मिस्त्रींनी त्याला थांबवलं. याचे पैसे तर घेतले नाहीतच, वर टेम्पोचं भाडंही त्याच्या हातावर ठेवलं.