दाखवायचं काय, वगळायचं काय

कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, असं म्हणतात. हे प्रथम म्हणणारा गृहस्थ बहुधा फोटोग्राफर असावा आणि त्याचं बिल वसूल व्हायचं असावं.

आमच्या जाफराबादेत भर उन्हाळ्यात पूर्णेच्या पात्राचा फोटो काढा, दुष्काळ दिसेल. पावसाळ्यात त्याच जागी उभं राहून काढा, तालुका सुजलाम सुफलाम दिसेल. दोन्ही फोटो खरे! अनुदान मागणारा पहिला लावतो, प्लॉट विकणारा दुसरा. आम्हा कॉमर्सवाल्यांना याचं नवल वाटत नाही. खतावणीत एकही खोटी नोंद न करता ताळेबंद साफ खोटा करता येतो; एखादी खरी नोंद तेवढी राहू द्यायची.

सिनेमाचा तर सगळा संसारच अशा वगळण्यावर. दादासाहेब फाळक्यांच्या 1917 सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही एकच, अण्णा साळुंके. एका पुरुषाने स्वतःचाच विरह सोसला! पण राम दाखवताना सीता चौकटीबाहेर ठेवली, सीता दाखवताना राम, की प्रेक्षक त्यांचा संसार बिनतक्रार मांडून देतो.

रशियात 1920 च्या सुमारास लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला कधी सूपाची बशी जोडली, कधी शवपेटी. लोक म्हणाले, काय भूक दाखवली! काय दुःख दाखवलं! नट बिचारा काहीच करत नव्हता. हा प्रयोग कुठल्याही कचेरीत रोज चालतो. साहेबांचा चेहरा तोच; हातात रजेचा अर्ज असला की तो कठोर दिसतो, बोनसचं पत्रक असलं की प्रेमळ. म्हणजे निम्मा सिनेमा प्रेक्षकच काढतो आणि वर तिकिटाचे पैसेही भरतो.

मग ही फसवणूकच म्हणायची का? आमचे एक सहकारी ठामपणे ‘हो’ म्हणतात आणि दर शुक्रवारी फसून येतात. मला वाटतं, नुसतं वगळणं हे पाप नव्हे. सगळं दाखवायचं म्हटलं तर एका माणसाच्या गोष्टीला एक आयुष्य लागेल. प्रश्न असा, की वगळलं ते आपण विसरावं म्हणून, की आठवावं म्हणून?

नागराज मंजुळ्यांच्या ‘सैराट’च्या (2016) शेवटी प्रत्यक्ष खून दाखवलेला नाही. आवाजही काढून घेतलाय. दिसतं ते रडत बाहेर निघालेलं तान्हं पोर आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे. खून वगळला, पण खून झालाच नाही असं समजून थिएटरातून कोणी घरी गेलं नाही. प्लॉटवाल्याच्या फोटोत आणि यात फरक आहे तो एवढाच, आणि एवढा मोठा.

त्यांच्याच ‘फँड्री’त (2013) शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. कुठे लागला, ते दाखवलेलं नाही. ती नोंद ज्याची त्याने आपापल्या खात्यावर करायची आहे.